माझं गाड्यांचं खूळ

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे दरवर्षी असतं. हळदीकुंकू लावून झालं, तिळगूळ दिला, वाण हातात पडलं, की बायका जरा सैलावून बसतात आणि मग कुणाची तरी नजर भिंतीतल्या काचेच्या कपाटाकडे जातेच. इतरांच्या घरी अशा कपाटात चिनी मातीचे कप, लग्नात आलेले गणपती, नाहीतर मुलांचे पेले असतात. आमच्या कपाटात मोटारगाड्या आहेत. बोटाएवढ्या, धातूच्या, ओळीनं लावलेल्या. एकूण एकशेसेहेचाळीस.

"अगंबाई! मुलाच्या वाटतं?"

"नाही हो, आम्हाला एकच मुलगी."

"मग तिच्या?"

"तिला गाड्यांत काडीचाही रस नाही. ती चित्रं काढते."

"मग?"

"माझ्या."

यानंतर जी शांतता पसरते ती आता माझ्या अंगवळणी पडली आहे. पहिल्या वर्षी मात्र मी चक्क खोटं बोलले होते. "ह्यांना हौस आहे ना," असं सांगून मोकळी झाले. हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते, त्यांनी ते ऐकलं. बायका गेल्यावर म्हणाले, "तुझी हौस माझ्या नावावर कशाला? बँकेत ऐकलं कुणी तर मला साहेब खुळखुळा घेऊन देतील." तेव्हापासून खरं सांगते.

मैत्रिणींनो, बाईमाणसानं साड्या जमवल्या तर कुणी काही म्हणत नाही. स्टीलची भांडी जमवली तर कौतुक होतं. पण खेळण्यातल्या गाड्या म्हटलं की लगेच 'काही कमी आहे का हिच्या आयुष्यात' अशा नजरेनं बघतात. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. तासांचे जे पैसे होतात त्यातले थोडे बाजूला ठेवते, त्यातूनच हे चालतं. घरखर्चातला एक रुपया त्यात जात नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण हा प्रश्न मला प्रत्येकीनं विचारला आहे.

आता हे खूळ लागलं कसं, तर त्याचं मूळ माहेरी आहे.

माझा मामा मस्कतला होता. दोन वर्षांनी सुट्टीवर यायचा तेव्हा भावासाठी गाड्या आणायचा आणि माझ्यासाठी झालरीचा फ्रॉक. एकदा डोळे मिटणारी बाहुली आणली होती. बाहुली छानच होती, पण मला गाडी हवी होती. भावाकडे आपल्याकडच्या 'लिओ'च्या वेष्टनातल्या हॉटव्हील्सही होत्या, नव्वदच्या दशकात त्या मिळायच्या. घराच्या ओसरीवर तो शर्यती लावायचा आणि मला काम काय, तर कोलमडलेल्या गाड्या उचलून आणायच्या. एका दिवाळीला त्यानं मला 'मोठ्या मनानं' एक गाडी दिली, तीही माझ्या ओवाळणीच्या पैशांच्या बदल्यात! एक चाक गळालेली पांढरी गाडी होती. मी इतकी खूश झाले की रात्री उशाशी घेऊन झोपले. आपण फसलो हे कळायला मला बरीच वर्षं लागली. (भाऊ आता अमेरिकेत नसून इचलकरंजीत आहे आणि हा लेख वाचणार आहे. त्यानं वाचावाच.)

पुढं बाबा गेले. माहेरचं घर आवरताना माळ्यावर आईचा बटणांचा डबा सापडला. शिवणकामातली उरलेली बटणं, हुक, रिळं आणि त्यांच्या तळाशी ती पांढरी तीनचाकी गाडी. मी ती पदराला पुसली आणि पर्समध्ये टाकली. आईनं विचारलं, "हे कशाला गं?" मला उत्तर देता आलं नाही. पण सांगलीला परत आल्यावर आठ दिवसांत मी दुकानात जाऊन पहिली नवी गाडी विकत घेतली. दुकानदारानं "मुलगा किती वर्षांचा?" म्हणून विचारलं आणि मी "सहा" म्हणाले. किती ते खोटं!

वाचायची सवय असल्यानं मग मी ह्या गाड्यांची माहितीही जमवायला लागले आणि एक गोष्ट वाचून तर मी एकटीच हसले. ह्या बोटभर गाड्यांची परंपरा ज्या 'मॅचबॉक्स'पासून रुळली, तिची सुरुवात एका मुलीसाठी झाली! १९४७ साली लंडनमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ ह्या दोन मित्रांनी 'लेस्नी' नावाचा धातूच्या ओतकामाचा कारखाना काढला. दोघांच्या नावांतली अक्षरं घेऊन ते नाव केलेलं. त्यांना मग जॅक ओडेल नावाचा हुशार कारागीर येऊन मिळाला. ओडेलसाहेबांच्या मुलीच्या शाळेत नियम असा, की आगपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापानं तिला पितळेचा एक चिमुकला रोडरोलर करून आगपेटीत घालून दिला. वर्गातल्या सगळ्यांनाच तो हवा झाला. त्यातून १९५३ साली आगपेटीसारख्या खोक्यातल्या गाड्या बाजारात आल्या. त्याच वर्षी इंग्लंडच्या राणीचा राज्याभिषेक होता. लेस्नीनं राणीच्या रथाची छोटी प्रतिकृती काढली, ती दहा लाखांहून जास्त खपली. म्हणजे बघा, रोडरोलर मुलीसाठी, रथ राणीचा, आणि गाड्या म्हणे मुलग्यांच्या!

हॉटव्हील्स त्यानंतरची, १९६८ सालची. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीची. ही कंपनी चालवणारं जोडपं हँडलर नावाचं. बाईंनी, म्हणजे रूथ हँडलर यांनी, १९५९ साली बार्बी बाहुली काढली होती, आणि नऊ वर्षांनी एलियट हँडलर या त्यांच्या यजमानांनी गाड्या काढल्या. पहिल्या वर्षी सोळा गाड्या होत्या. त्यांची चाकं बारीक तारेवर फिरायची, त्यामुळे त्या नुसत्या ढकलल्या तरी सुसाट पळायच्या. मॅचबॉक्सच्या गाड्या दिसायला हुबेहूब, पण जड चाकांच्या. मुलं वेगाकडे गेली. लेस्नीनं १९६९ पासून आपल्याही गाड्यांना पळणारी चाकं लावली, तरी १९८२ साली कारखान्याचं दिवाळं निघालंच. नाव हस्तांतरित होत होत १९९७ मध्ये मॅटेलकडेच आलं. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन जावा शेवटी एकाच घरात नांदायला याव्यात, तसं झालं.

आपल्याकडेही हा उद्योग झाला आहे. लिव्हरपूलच्या 'डिंकी' गाड्यांचे वापरलेले साचे कलकत्त्याला आणून तिथं 'निकी' नावानं गाड्या काढत. आज त्या मिळणं फार कठीण. मी एकच पाहिली आहे आणि तीही दुसऱ्याच्या हातात.

गाडी करतात कशी, हे मी वर्गात मुलांना चकलीच्या सोऱ्याचं उदाहरण देऊन सांगते. जस्तामध्ये थोडं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं घालून वितळवतात आणि तो रस जोरानं दाबून पोलादी साच्यात भरतात. क्षणात घट्ट होतो. साचा उघडला की मोटारीचं कवच तयार. मग रंग, काचा, आतली बैठक, चाकं आणि खालून तळ ठोकून बसवायचा. हॉटव्हील्स साधारण चौसष्टास एक ह्या प्रमाणात असतात, म्हणजे चार मीटरची गाडी सहा सेंटिमीटरची होते. जुन्या मॅचबॉक्सचं प्रमाण मात्र एक नाही. खोक्यात बसेल ते माप! त्यामुळे तिथं मोटार आणि बस शेजारीशेजारी सारख्याच लांबीच्या दिसतात. एकत्र कुटुंबात लहानमोठे सगळे एकाच खोलीत झोपतात ना, तशातला प्रकार.

नवी गाडी घरात आली, की पहिला प्रश्न वेष्टनाचा. पुठ्ठ्यावरचं प्लॅस्टिक फोडायचं की नाही? जमवणाऱ्यांत ह्यावरून अगदी हमरीतुमरी होते. न फोडलेल्या गाडीला पुढं किंमत येते म्हणतात. मी फोडते. पैठणी घेतली आणि ट्रंकेत ठेवून दिली तर ती आपली असून नसल्यासारखी, तसंच हे. हातात घेऊन चाक फिरवून बघितल्याशिवाय मला करमतच नाही.

काही गाड्या मुद्दाम कमी काढलेल्या असतात. १९९५ पासून हॉटव्हील्सनं ही युक्ती केली आहे. त्यांना 'ट्रेझर हंट' म्हणतात. अलीकडच्या गाड्यांवर ज्योतीचं एक बारीक चिन्ह असतं, ते ओळखता आलं पाहिजे. पण दुकान उघडायच्या आधी जाऊन उभे राहणारे आणि खोक्यातल्या चांगल्या गाड्या उचलून दुप्पट-चौपट भावानं विकणारे लोक झाले आहेत. मी सकाळी दुकानात पोचते तेव्हा कुकरच्या तीन शिट्ट्या, डबे आणि दोन तास शिकवणं आटोपलेलं असतं. मला ज्योत कुठली दिसायला?

म्हणून मग देवाणघेवाण. आपल्याकडे एकच गाडी दोनदा झाली, की दुसऱ्याकडची दुहेरी असेल ती घ्यायची. मोबाइलवर आमचा एक गट आहे. पुण्याचे, हुबळीचे, नाशिकचे लोक आहेत. गाड्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळून, डबीत कापूस भरून मी कुरियरनं पाठवते. बहुतेक माणसं सरळ आहेत. एकानं मात्र मला बनवलं. त्यानं तळावर १९७९ साल कोरलेली गाडी दाखवली आणि 'ताई, पंचेचाळीस वर्षांची आहे' म्हणून माझ्या तीन चांगल्या गाड्या घेतल्या. मी सगळ्यांना मिरवत दाखवली. शेवटी पुण्याच्या एका जाणत्या गृहस्थांनी समजावलं, "वहिनी, तळावरचं साल तो नमुना पहिल्यांदा घडवला त्याचं असतं. गाडी फार तर पाचसात वर्षांची आहे." चार दिवस मी त्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होते. समोरच्याला माहीत नाही ह्याचा फायदा घेणं किती हलकं, असं एक मोठं भाषण मी ह्यांना जेवताना ऐकवलं. ते भाषण मला पुढं फार महागात पडलं, ते सांगते.

त्याआधी सासूबाईंचं सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांनी सुरुवातीला ह्या गाड्यांकडे दुर्लक्ष केलं. मग एका दसऱ्याला स्कूटरची पूजा झाल्यावर तबक घेऊन सरळ कपाटाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ह्याही वाहनंच ना?" प्रत्येक गाडीला कुंकवाचा ठिपका लावला. तेव्हा सत्तर-ऐंशीच होत्या, तरी अर्धा तास लागला. ते कुंकू ओल्या कापडानं पुसून काढायला मला दोन दिवस लागले, पण त्या दिवशी मला जे बरं वाटलं ते काय सांगू!

दुसऱ्या वर्षी त्यांनी माया जरा जास्तच केली. एका जुन्या गाडीचा रंग उडून आतला धातू काळवंडला होता. त्यांनी ती देवाच्या उपकरणांबरोबर चिंचेच्या कोळात भिजत घातली. सकाळी निरांजन लखलखीत आणि गाडी राखेसारखी, वर बारीक खड्डे. तांब्यापितळेला चिंच चालते, जस्ताला आंबट चालत नाही, ते खातं. कुणाच्या घरी मुलांच्या अशा गाड्या असतील तर एवढं लक्षात ठेवा: चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर ह्यातलं काही लावू नका. मऊ ब्रशनं धूळ झाडावी, फार तर साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडी करावी, नाहीतर चाकांची तार गंजते. नव्या पर्समध्ये किंवा बुटांच्या खोक्यात जी ओल शोषणारी पुडी असते ती फेकू नका, कपाटात ठेवा. आणि उन्हात ठेवू नका, रंग विटतो.

आता मुख्य गोष्ट.

२०२४ च्या जानेवारीत आमच्या शाळेत छंद-प्रदर्शन होतं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, शिक्षकांनीही मांडावं. मी वीस गाड्या नेल्या. मुलांची झुंबड उडाली. सहावीतला एक मुलगा, त्याचं खरं नाव देत नाही, बंड्या म्हणूया, दिवसभर माझ्या टेबलापासून हलला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो कंपासपेटी घेऊन आला. "बाई, माझ्याकडं पण एक हाय." पेटीतून त्यानं एक लाल दुमजली बस काढली.

मी ती उलटी केली. तळावर 'मॅचबॉक्स', पाचवा क्रमांक, लंडन बस, 'मेड इन इंग्लंड बाय लेस्नी'. काळी साधी चाकं, म्हणजे पळणाऱ्या चाकांच्या आधीची. मागं उघडा पायदान, आत इवलासा जिना. कोपऱ्यांचा रंग उडालेला, बाजूवरच्या जाहिरातीची अक्षरं पुसलेली, पण मोडतोड कुठंच नाही. माझ्याकडे त्या काळातलं एकही वाहन नव्हतं. माझे हात चक्क थरथरले.

"बाई, ही पळतच न्हाय," बंड्या म्हणाला. "तुमची ती निळी कसली पळती!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग बदली करायची का?"

त्याचे डोळे एवढे मोठे झाले. मी त्याला निळी दिली आणि वर एक नारिंगीही दिली. दोन्ही नव्या, दोनशेच्या आतल्या. तो उड्या मारत गेला. अशा जुन्या बसला जाणकार माणूस किती पटीनं जास्त मोजेल हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

संध्याकाळी मी बस कपाटात मधोमध ठेवली. ह्यांना दाखवली. त्यांनी विचारलं, "कितीला?" मी म्हटलं, "दोन हॉटव्हील्सला." "कुणाकडून?" "आहे एक मुलगा." ते काही बोलले नाहीत, पण चष्मा काढून पुसत बसले. ह्यांची ही जुनी खोड आहे. बोलायचं नसलं की चष्मा पुसतात.

मी मनाची समजूत बरीच घातली. मुलगा खूश आहे. एकाला दोन दिल्या. त्याच्याकडे ती बस दगडासारखी पडून होती, इथं नीट राहील. मी काही ती विकणार नाही. सगळं खरंच होतं, पण ते मला पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणावं लागत होतं. वर्गात बंड्या दिसला की मी फळ्याकडे वळायची.

मग आमचं हळदीकुंकू आलं. शेजारच्या वहिनींचं लक्ष नेमकं बसकडे गेलं. "अय्या, ही मुंबईची डबलडेकर का हो? कुठं मिळाली?"

"अशीच, जुनी मिळाली," मी म्हटलं आणि घाईनं तिळगुळाचं ताट पुढं केलं.

रात्री भांडी आवरताना सासूबाईंनी विचारलं, "अशीच म्हणजे कशी गं?" मी सांगितलं. त्या ताटं पुसत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "त्याच्या घरी ठाऊक आहे का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर बस नव्हती, ती तीनचाकी पांढरी गाडी होती. मीही त्या दिवाळीला खूशच होते की! आणि भाऊ तरी तेव्हा दहा वर्षांचा होता. मी छत्तीस वर्षांची, बी. ए. झालेली, त्या मुलाची शिक्षिका.

रविवारी मी बंड्याचं घर शोधत हरिपूरला गेले. अंगणात वाळवणाची बाज होती, तिच्यावर एक म्हातारे गृहस्थ उन्हाला बसले होते. बंड्याच्या आईनं "शाळेच्या बाई आल्यात" म्हणताच ते उठायला लागले. मी "बसा, आजोबा" म्हटलं आणि लाजेकाजेनं पर्समधून बस काढली. शब्द तोंडात येईनात. "ही नातवानं मला दिली, मी त्याला ह्याच्या बदल्यात दोन नव्या दिल्या, पण ही फार जुनी आहे, हिची किंमत जास्त आहे, ते मी त्याला सांगितलं नाही," असं एका दमात बोलून गेले.

आजोबांना कमी ऐकू येत होतं. त्यांनी बस हातात घेतली, अंगठा मागच्या पायदानावर फिरवला आणि हसले. "ह्या हितं उभा ऱ्हायचो मी. न्हाय, मी वरचा. खालचा कंडक्टर ह्या हितं."

ते बेस्टमध्ये कंडक्टर होते. वरळी डेपोला. दुमजली बसला दोन कंडक्टर असायचे, एक खाली आणि एक वर. त्यांची जास्त नोकरी वरच्या मजल्यावर गेली. जिन्यावरून दिवसाला किती खेपा, पावसाळ्यात वर पुढच्या खिडकीत बसायला पोरांची भांडणं कशी, दोरी ओढून घंटा कशी द्यायची, सगळं सांगत होते. एक पारशी बाई रोज त्यांच्या बसनं यायची. त्यांना मुलगा झाला तेव्हा तिनं ही बस दिली. पुढं ते निवृत्त होऊन गावाकडे आले, मुलाचं खेळून झालं, मग नातवाला दिली. बेस्टच्या जुन्या दुमजली बस १९३७ पासून चालल्या आणि २०२३ च्या सप्टेंबरात शेवटची निघाली, त्या दिवशी घरच्यांनी त्यांना मोबाइलवर तिची चित्रफीत दाखवली होती. फुलांच्या माळा घातलेली. "नव्या आल्यात म्हनं इजेवरच्या. त्या गार असत्यात," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

मी म्हटलं, "आजोबा, तुम्हाला ठाऊक होतं, ह्यानं मला दिली ते?"

"सांगिटलं की त्यानं. त्याला दिलीया, त्याची हाय. त्यानं तुमास्नी दिली. आता काय बोलायचं?" पण बस त्यांनी हातातून खाली ठेवली नव्हती.

"मी परत द्यायला आले आहे," मी म्हटलं.

आता इथं बंड्यानं आनंदानं उडी मारली असं मी लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण त्याचं तोंड उतरलं. त्याला वाटलं, निळी आणि नारिंगी आता परत द्यावी लागणार. तो आत जाऊन दोन्ही घेऊन आला. नारिंगीचं एक चाक आठ दिवसांतच वाकलं होतं, त्यामुळे तो आणखी घाबरलेला. "बाई, दगडावनं पडली." मी त्याला जवळ घेतलं आणि दोन्ही तुझ्याच म्हणून सांगितलं. त्याच्या आईला ते पटेना, तिनं परतफेड म्हणून हळदीची पुडी माझ्या पिशवीत कोंबलीच. घरची हळद होती. अजून पुरवून वापरते आहे.

निघताना मी बंड्याला म्हटलं, "हे बघ, ह्यापुढं कुणाशीही बदली करायची असली तर आधी घरी विचारायचं. माझ्याशी असली तरी. घरच्यांची चिठ्ठी आणल्याशिवाय मी घेणार नाही." त्यानं मान डोलावली.

घरी आल्यावर कपाटातली मधली जागा रिकामी दिसायला लागली. मला वाईट वाटलं का? वाटलं, अगदी खरं सांगायचं तर खूपच वाटलं. चांगलं केल्याचं समाधान वगैरे रात्रीपर्यंत आलं नव्हतं. गटावरच्या एका गृहस्थांना सांगितलं तर त्यांनी चक्क कपाळाला हात लावल्याचं चित्र पाठवलं. ह्यांनी मात्र चष्मा पुसला नाही. उलट कधी नव्हे ते स्वतः चहा केला.

महिन्याभरानं बंड्या मधल्या सुट्टीत पुन्हा कंपासपेटी घेऊन हजर. ह्या वेळी पेटीत एक हिरवी जीप होती, मामानं जत्रेतून आणलेली, साधीसुधी. आणि वहीच्या पानावर लिहिलेली एक चिठ्ठी, खाली आजोबांची वळणदार मोडीसारखी सही: 'सदर जीप बाईंना देण्यास माझी हरकत नाही. मोबदल्यात चाक सरळ असलेली गाडी मिळावी.'

मी जीप उलटसुलट करून पाहिली. "बंड्या, ह्याच्या बदल्यात एकच देईन हं."

"दोन की, बाई," तो म्हणाला. "जीप भारी हाय. पळती."